स्टारकेड: ‘एका मिनिटात किती?’ या खेळाचं खरं गणित (आणि गणेशोत्सवात तशी स्पर्धा घ्यायची असेल तर)

टोकनवाला

स्टारकेड या अमेरिकन टीव्हीवरच्या व्हिडिओ गेम स्पर्धेचे जुने भाग पाहून बरेच जण एवढंच म्हणतात, की काय ते केस, काय ते स्वेटर, काय ते संगीत. ते सगळं आहेच, आणि मलाही ते आवडतं. पण कार्यक्रमाच्या नियमांवर कोणी फारसं बोलत नाही. माझ्या मते खरी मजा तिथे आहे, म्हणून हा धागा.

थोडक्यात माहिती. अमेरिकेत टेड टर्नरच्या डब्ल्यूटीबीएस वाहिनीवर २७ डिसेंबर १९८२ ला सुरुवात, १९८४ मध्ये शेवट, एकूण १३३ भाग. निर्माते जेम्स करुसो आणि मॅव्हिस आर्थर. पहिले २३ भाग मार्क रिचर्ड्सने सादर केले, त्यानंतर जेफ एडवर्ड्स आला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याआधी नमुना भागही झाले होते. एकाचा सूत्रधार होता १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोनं जिंकणाऱ्या अमेरिकन हॉकी संघाचा कर्णधार माइक एरुझिओनी, तर दुसऱ्याचा ‘जेपर्डी!’ या प्रश्नमंजुषेमुळे प्रसिद्ध झालेला अ‍ॅलेक्स ट्रेबेक. २००२ मध्ये जी-फोर ही व्हिडिओ गेमची वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने हे भाग पुन्हा दाखवले. तिकडे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनी हा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला तो तेव्हाच.

आता नियम. स्टुडिओत पाच खरी आर्केड मशीन (नाणं टाकून खेळायची) उभी असायची. व्हिडिओ गेमवरचा प्रश्न यायचा, आधी बझर दाबून बरोबर उत्तर देणारा मशीन निवडायचा. मग दोघं आळीपाळीने त्याच मशीनवर खेळायचे, आणि वेळ एक मिनिट किंवा त्याहून कमी. असे तीन डाव, तिन्ही डावांच्या गुणांची बेरीज, जास्त बेरीज तो विजेता. मध्ये पडद्याची झलक दाखवून खेळाचं नाव ओळखायला लावायचे. विजेत्याने शेवटी उरलेल्या मशीनपैकी एक निवडायचं आणि ३० सेकंदांत २० खेळाडूंच्या सरासरीपेक्षा जास्त गुण काढायचे. जमलं, की मोठं बक्षीस. बऱ्याचदा ते बक्षीस म्हणजे आख्खं आर्केड मशीनच असे.

माझा मुद्दा असा, की यात हाताच्या वेगापेक्षा मशीनची निवड जास्त वेळा निर्णायक ठरायची. ज्याला प्रत्येक खेळाची गुणपद्धत पाठ, तो बझर दाबतानाच अर्धा डाव जिंकलेला असायचा.

---

भुताटकी

अगदी बरोबर. पॅकमॅनचंच घ्या, आकड्यांत सांगतो.

पहिल्या चक्रव्यूहात २४० ठिपके, प्रत्येकी १० गुण. चार मोठ्या गोळ्या, प्रत्येकी ५० (गोळी गिळली की भुतं काही क्षण निळी होतात आणि त्यांना खाता येतं). हे सगळं साफ केलं तरी २,६०० होतात. एका गोळीवर चारही भुतं खाल्ली तर २००, ४००, ८०० आणि १,६०० मिळून ३,०००. चार गोळ्यांचे १२,०००. शिवाय दोन चेरी, प्रत्येकी १००. म्हणजे पहिल्या पडद्याचे जास्तीत जास्त १४,८००, आणि त्यातले १२,००० एकट्या भुतांचे.

घड्याळ लावून खेळताना हिशेब आणखी बदलतो. पहिल्या पातळीवर पॅकमॅन ठिपके खात सेकंदाला साडेसहा-सात ठिपके संपवतो, म्हणजे साधारण ६५ गुण. चार भुतांच्या एका घासात पाऊण मिनिट ठिपके खाण्याएवढे गुण आहेत! तरीही बरेच स्पर्धक मुकाट्याने ठिपके खात राहायचे आणि गोळी शेजारून गेली तरी थांबायचे नाहीत.

करायचं असं: गोळीच्या कोपऱ्याजवळ या, पण गोळी खाऊ नका. मागे लागलेली भुतं एकामागे एक जवळ येईपर्यंत दोन-तीन वेळा मागेपुढे करा, आणि ती दोन-अडीच चौकटींवर आली की गोळी गिळून सरळ त्यांच्यावर उलटा. पहिल्या पातळीवर भुतं सुमारे ६ सेकंद निळी राहतात. प्रत्येक भूत खाल्ल्यावर खेळ जवळजवळ सेकंदभर थांबतो. तेवढा वेळ निळेपणातून कापला जात नाही, स्पर्धेच्या घड्याळातून मात्र जातो. चार भुतांमागे चार सेकंद गेले तरी सौदा फायद्याचाच.

चुकतं कुठे? सुरुवातीला भुतं ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात आणि मग २० सेकंद पाठलाग करतात. पहिल्या ७ सेकंदांतच गोळी खाल्ली तर ती पांगलेली असतात. एखादं मिळतं, आणि गोळी वाया.

---

दुहेरीविमान

गॅलगाबद्दल (विमानातून कीटकांच्या टोळ्या पाडायचा खेळ) लिहितो, कारण त्यात हरण्याचं कारण पडद्यावर दिसतच नाही.

साध्या विमानाच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर असू शकतात. नेम चुकला की ती गोळी वरपर्यंत जाऊन नाहीशी होईपर्यंत तुमची अर्धी तोफ बंद. म्हणून घाईने बटण बडवणारा प्रत्यक्षात कमी गोळ्या मारतो. खाली, शत्रूच्या जवळ गोळी लागली तर ती लगेच मोकळी होते. या एका गोष्टीने मिनिटात बराच फरक पडतो.

दुसरं म्हणजे, रांगेत बसलेल्या माशीचे ५०, उडत्या माशीचे १००. फुलपाखराचे बसलेल्याला ८०, उडत्याला १६०. बॉस बसलेला असेल तर १५०. एकटा झेपावताना ४००, एका सोबत्यासह ८००, दोघांसह १,६००. म्हणजे टोळ्या आत शिरतानाच टिपायच्या. रांग लावून बसू दिल्या तर गुण निम्मे होतात. हे पाठ असलेला माणूस पहिल्या फेरीतल्या ४० जणांपैकी बरेचसे जागेवर बसण्याआधीच उडवतो.

तिसरी फेरी आव्हानाची. चाळीसच्या चाळीस पाडले तर १०,००० वर. पण ते १०,००० फेरी संपल्यावर, हिशेबाचा पडदा येऊन गेल्यावर मिळतात. त्या हिशेबात घंटा वाजली तर गेले. तेव्हा वेळ ठरवताना हे आधी तपासून घ्या, नाहीतर भांडणं ठरलेलीच.

---

अनुजा_डोंबिवली

फार उपयोगी धागा. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दहा ते साठ वयापर्यंत सगळ्यांसाठी अशी स्पर्धा ठेवायचं मंडळाने ठरवलंय. एक टीव्ही, एक लॅपटॉप आहे, आणि जॉयस्टिकचा खोका बनवायची तयारी आहे. टोकनवाला, भुताटकी, तुम्ही दोघं नियम सुचवाल का? आणि खोक्याचं कोणी सांगेल का?

---

टोकनवाला

अनुजाताई, नक्की. आधी एक धोका सांगतो, तो मूळ कार्यक्रमातही होता.

तीन खेळांच्या गुणांची सरळ बेरीज करू नका. क्यूबर्टच्या (चौकोनांवर उड्या मारत त्यांचा रंग बदलायचा खेळ) पहिल्या पडद्यावर २८ चौकोन, रंग बदलल्याचे प्रत्येकी २५, म्हणजे ७००, आणि पडदा संपल्यावर बोनस १,०००. उलट रोबोट्रॉनमध्ये माणसं वाचवली की पहिल्याचे १,०००, मग २,०००, असं पाचव्यापर्यंत वाढत जाऊन पुढे प्रत्येकाचे ५,०००. पाच माणसांचे १५,०००, तेही काही सेकंदांत. या दोन्हींची बेरीज केलीत तर क्यूबर्टचा डाव खेळून न खेळून सारखाच, रोबोट्रॉनवाला जिंकला. स्टारकेडमध्ये म्हणूनच प्रश्न जिंकणं एवढं महत्त्वाचं होतं.

---

भुताटकी

टोकनवाला, इथे मी असहमत. तो दोष नव्हता, तोच तर डाव होता. कुठल्या मशीनमध्ये जास्त गुण दडलेत हे ओळखणं हीसुद्धा खेळाची जाण. गुणांची पातळी सारखी केली असती, तर प्रश्नांना अर्थच उरला नसता.

---

टोकनवाला

स्टुडिओतल्या तयार खेळाडूंसाठी मान्य. त्यांना पाचही मशीन माहीत असायची. सोसायटीतल्या आजोबांना क्यूबर्ट मिळालं आणि पोराला रोबोट्रॉन, तर आजोबांनी काय करायचं? म्हणून मूळ कार्यक्रमातला सगळ्यात न्याय्य भाग उचला: शेवटच्या फेरीतली सरासरी. प्रत्येक खेळाची सरासरी आधी काढून ठेवा आणि स्पर्धकाचे गुण त्या सरासरीच्या टक्क्यांत मांडा. सरासरी १,२०० असताना १,८०० काढले तर १५०. मग तीन डावांचे हे टक्के बेरजेला घ्या.

सरासरीसाठी २० जण, प्रत्येकाला तेवढाच वेळ, आणि स्पर्धेच्याच खोक्यावर, स्पर्धेच्याच टीव्हीवर. दुसऱ्या कोणाच्या घरच्या मशीनवरचे आकडे चालणार नाहीत.

---

सोल्डरची_तार

सरासरीत एक खाच आहे. १९ जणांनी २,००० काढले आणि एका पट्टीच्या खेळाडूने २२,०००, तर बेरीज ६०,०००, सरासरी ३,०००. एकोणीसच्या एकोणीस जण सरासरीखाली! वीस आकडे चढत्या क्रमाने लावा आणि दहाव्या-अकराव्याच्या मधला घ्या. या उदाहरणात तो २,००० येतो. छोट्या गटात हेच बरं.

आता खोका.

जॉयस्टिक: पॅकमॅन आणि डाँकी काँग (शिड्या चढत गोरिलापर्यंत पोचायचा खेळ) चार दिशांचे खेळ आहेत. बाजारात सर्रास मिळते ती आठ दिशांची. तिने पॅकमॅन खेळलं की वळणावर काठी तिरकी जाते, मशीनला एकदम दोन दिशा मिळतात आणि पॅकमॅन कोपऱ्यात अडकतो. लोक म्हणतात ‘बटण काम करत नाही’, पण दोष काठीच्या खालच्या, दिशा बांधून देणाऱ्या पट्टीचा असतो. जिची पट्टी फिरवून चार दिशा करता येतात अशीच काठी घ्या. सानवा या जपानी कंपनीच्या जेएलएफ काठीत ही सोय आहे.

क्यूबर्टसाठी तीच काठी ४५ अंशांत फिरवून बसवावी लागते, कारण त्यात चारही चाली तिरक्या आहेत. खोका एकच असेल तर क्यूबर्ट सोडा. मध्येच खोका उघडून काठी फिरवायला वेळ नसतो. रोबोट्रॉनला तर दोन काठ्या लागतात, एक चालायला आणि एक गोळीबाराला. तोही सोडा.

बटणं: ३० मिमीचं भोक, होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) पाडा. प्लायवूड १२ किंवा १८ मिमी असेल तर मागून चाकी आवळायची स्क्रूवाली बटणं घ्या. खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी असतात, जाड प्लायमध्ये त्यांच्या पकडी उघडतच नाहीत आणि दणक्यात बटण वर येतं.

जोडणी: काठी-बटणं लॅपटॉपला जोडायला ‘झिरो डिले’ नावाने मिळणारा यूएसबी बोर्ड पुरतो. वायरीच्या टोकांचे लग (पिनवर बसणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) मात्र नीट बघून घ्या. सानवाच्या बटणांना २.८ मिमीचे लागतात, अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचला ४.८ मिमीचे. मोठा लग छोट्या पिनवर चिमट्याने दाबून बसवला तर सुरुवातीला चालतो, पण मुलांच्या दणक्यांनी सैल होतो आणि भर डावात फायर बंद पडतं. स्पर्धेआधी प्रत्येक लग हलकेच ओढून बघा. सहज सुटला तर तिथेच बदला.

खोका पाटावर किंवा टेबलावर नुसता ठेवू नका. दोन जी-क्लॅम्प लावा. हलत्या खोक्यावर डाँकी काँगची उडी वेळेवर बसत नाही.

---

दुहेरीविमान

टीव्हीबद्दल राहिलं. टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा, चित्र सुधारणारे बाकी सगळे पर्याय बंद. नाहीतर बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं आणि दोष खोक्यावर जातो. वायरलेस पॅड टाळा.

खेळ अधिकृत घ्या. आर्केड आर्काइव्ह्ज मालिकेत निन्टेंडो स्विचवर पॅकमॅन आणि डाँकी काँग दोन्ही मिळतात. मंडळाच्या जाहीर कार्यक्रमात कुठून तरी उतरवलेल्या फाइल वापरू नयेत असं मला वाटतं. मात्र लॅपटॉपऐवजी स्विच लावणार असाल तर सोल्डरदादांनी सांगितलेला यूएसबी बोर्ड त्यावर चालतो का ते घेण्याआधी विचारून घ्या. सगळे चालत नाहीत.

---

अनुजा_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. मग पॅकमॅन, गॅलगा आणि डाँकी काँग असे तीन धरू का? आणि घड्याळ नेमकं कधी सुरू करायचं?

---

भुताटकी

चालेल, पण डाँकी काँगची वेळ वेगळी धरा. सुरुवातीला गोरिला शिडी चढतो, मजले वाकतात, मग ‘किती उंच चढाल?’ असा पडदा येतो. हे सगळं मिनिटात धरलं तर खेळायला उरतं काय! घड्याळ मारिओचं पहिलं पाऊल पडलं की सुरू. पॅकमॅनचं सुरुवातीचं संगीत संपून भुतं हलली की. गॅलगात पहिली टोळी पडद्यावर शिरली की.

डाँकी काँगमध्ये बोनसचा आकडा ५,००० पासून उतरत असतो आणि पडदा पूर्ण केला तरच पदरात पडतो. म्हणजे ६० सेकंदांत वर पोचलेल्याला उरलेला सगळा बोनस एकदम, आणि एक शिडी खाली राहिलेल्याला त्यातलं काही नाही. पिंप ओलांडल्याचे १००, हातोड्याने फोडल्याचे ३००, ५०० किंवा ८००. हातोडा हातात असताना शिडी चढता येत नाही, म्हणून नवखे हातोडा घेऊन खालीच रेंगाळतात आणि मोठा बोनस घालवतात. या खेळाला ९० सेकंद द्या, म्हणजे सर्वसाधारण माणसालाही वर पोचायची संधी राहील.

---

सोल्डरची_तार

घंटा वाजल्यावर काय, हेही लिहून लावा. गॅलगात सुटलेली गोळी घंटेनंतर लागते. माणसाने डोळ्यांनी आकडा वाचला तर दोन पंचांचे दोन आकडे येतात. फोन स्टँडवर लावून पडद्याचं चित्रीकरण करा, घड्याळही त्याच चौकटीत दिसू द्या, आणि शून्याच्या चौकटीतले गुण अंतिम धरा.

अवांतर, पण याच विषयाला धरून: कोणाकडे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर फोनचं शटर १/६० वर ठेवा. आपल्याकडचे फोन बऱ्याचदा विजेच्या ५० हर्ट्झप्रमाणे १/५० धरतात आणि पडद्यावर पट्टा चालू लागतो. स्टारकेडच्या काळात हाच त्रास कॅमेऱ्यांना होता. पॅकमॅनचं मशीन सेकंदाला ६०.६ चित्रं दाखवतं, अमेरिकन टीव्ही ५९.९४. फरक जेमतेम ०.६६, म्हणजे दर दीड सेकंदाला एक पट्टा पडद्यावरून सरकणार. तो टाळायचा तर मशीनच्या बोर्डातून लाल, हिरवा, निळा आणि सिंक असे सिग्नल थेट काढून टीव्हीच्या सिग्नलमध्ये बदलावे लागतात. अ‍ॅस्टेरॉइड्ससारख्या रेषांच्या खेळांत तेही शक्य नसतं. त्यात ओळींचं चित्रच नाही, किरण थेट एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातो. तिथे कॅमेरा काचेसमोर धरण्यावाचून इलाज नाही.

---

कॅलिफोर्नियाचा_काका

+१. याच संदर्भात निक आर्केडही आठवा, निकलोडियन वाहिनीवरचा १९९२ चा व्हिडिओ गेम स्पर्धेचा कार्यक्रम, फिल मूरचा. तिथे व्हिडिओ चॅलेंजमध्ये तज्ज्ञाने आधी नोंदवलेल्या गुणांना ३० सेकंदांत मागे टाकायचं आणि स्वतःचे गुण त्यावर पणाला लावायचे. किती लावायचे ते स्पर्धकाने ठरवायचं. अनुजा, अंतिम फेरीत हे करून बघ. टक्क्यांतले गुण पणाला लावायला दिले की मागे पडलेल्यालाही आशा राहते आणि प्रेक्षक उठून जात नाहीत. एकच अट ठेव: निम्म्यापेक्षा जास्त लावायचे नाहीत.

---

टोकनवाला

काकांची सूचना उत्तम. प्रश्नांसाठी काही सोपे देतो, बझर फेरीला चालतील. पॅकमॅनमधली चार भुतं कोणती? ब्लिंकी, पिंकी, इंकी, क्लाइड. पॅकमॅन कोणी घडवला? तोरू इवातानी, नामको, १९८०. डाँकी काँग? शिगेरू मियामोतो, निन्टेंडो, १९८१. सेंटिपीड घडवणाऱ्या दोघांची नावं? डोना बेली आणि एड लॉग, अटारी, १९८१. शेवटचा अवघड आहे, त्याला बक्षीस मोठं ठेवा.

खेळाचं नाव ओळखण्याच्या फेरीत आवाजही ठेवा. गॅलगाची सुरुवातीची धून आणि पॅकमॅनचं ‘वका वका’ लहान मुलंही ओळखतात, तेव्हा पहिले तेच लावा आणि अवघड आवाज मागून.

---

अनुजा_डोंबिवली

छापून फलकावर लावण्यापुरतं जमलं. शेवटचा प्रश्न: वीस जणांची सरासरी काढायला किती वेळ धरू?

---

सोल्डरची_तार

पॅकमॅन आणि गॅलगाला प्रत्येकी ६० सेकंद, डाँकी काँगला ९०, म्हणजे माणशी साडेतीन मिनिटं निव्वळ खेळ. खेळ बदलणं, सुरुवातीचं संगीत आणि आकडा लिहिणं धरून माणशी सहा मिनिटं. वीस जणांना दोन तास. आदल्या संध्याकाळी आरतीच्या आधी उरका, आणि ते वीस जण स्पर्धेत उतरणार नसतील असे निवडा. नाहीतर त्यांचा सराव झालेला असेल आणि ते दुसऱ्या दिवशी पुढेच राहतील.